वाटी नको, हात चालेल

मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली आणि घरातल्या सगळ्यांनी तिला हात लावायचंच सोडलं. ठरवून कोणी नाही. टाके, सुया, खाली आलेल्या पेशी, ‘इन्फेक्शन होईल हं’ या धाकानं जो तो पलंगापासून दोन पावलं मागे सरकला. आम्हा आठ भावंडांना दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून खसाखसा तेल चोळणारी ही बाई. चार महिन्यांत तिच्या अंगाला हात लागला तो नर्सचा, तोही शीर शोधायला.

किमोनं तळपायांना मुंग्या यायच्या, रात्रभर डोळा लागायचा नाही. वहिनीनं एकदा साजूक तूप आणि काशाची वाटी काढली. लगेच शेजारच्या काकू आडव्या आल्या : ‘‘अगं, मालिश केली की गाठ अंगभर पसरते!’’

ही भीती घरोघरी आहे. हलक्या मालिशनं कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही. रक्त काय, आपण जिना चढलो तरी जोरात धावतंच. गाठीच्या जागेवर दाब द्यायचा नाही, एवढं पथ्य मात्र खरं.

वहिनी हुशार, तिनं डॉक्टरांनाच फोन लावला. उत्तर आलं : ‘‘वाटी नको. पाय बधिर आहेत, खरचटलं तरी त्यांना कळणार नाही. हातानं करा, हलकं. ऑपरेशनच्या बाजूचा हात सोडून द्या.’’ वाटी घासून तूप काळं पडतं ते ‘अंगातली उष्णता’ निघाल्यामुळे, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. तो काळेपणा बहुतेक धातूचाच असतो. असो. वाटी परत फळीवर गेली. वहिनी पायथ्याशी बसली आणि मावशीचा पाय मांडीवर घेऊन तळव्यावरून अंगठा फिरवू लागली. पाचव्या मिनिटाला मावशी म्हणाली, ‘‘जोर कर की जरा, मी काय काचेची आहे?’’ वहिनीनं जोर केला नाही. प्लेटलेट्स खाली होत्या.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयानं २००४ मध्ये तीन वर्षांतल्या १,२९० रुग्णांच्या नोंदी मांडल्या. दुखणं, थकवा, मळमळ, घालमेल यांना मालिशआधी आणि नंतर रुग्णांनीच गुण दिले होते. ते सुमारे निम्म्यानं उतरले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार उड्या मारू नयेत. मला जास्त भावला तो २००८ मधला अमेरिकेतलाच अभ्यास. आजार बळावलेले ३८० रुग्ण. निम्म्यांना शिकलेल्या हातांची मालिश, निम्म्यांच्या अंगावर नुसता हात ठेवायचा, स्थिर. लगेचचा आराम मालिशवाल्यांना जास्त पडला, पण नुसत्या हातानंही दुखणं कमी झालं. आणि काही आठवड्यांनी पाहिलं तर दोन गटांत फरक उरला नव्हता. मालिशचा धंदा करणाऱ्यांना हे निराश करील. मला यात वहिनी दिसते.

म्हणून हजारोंची ‘कॅन्सर स्पेशल’ पॅकेजेस विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, आणि मालिशनं गाठ विरघळते म्हणणाऱ्यांपासून दहा हात. मालिशनं रोग हटत नाही. मॉर्फिन लागत असेल तर मॉर्फिनच द्यायचं, पाय चेपून ती वेळ मारून न्यायची नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये वेदनांसाठी मालिशला जागा दिली, तीही ‘देता येईल’ अशा बेतशीर शब्दांत. तेवढीच तिची पायरी.

कुठे हात लावायचा नाही, हे मात्र पाठ हवं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चेपायची नाही, डॉक्टर गाठायचा. हाडांत आजार उतरला असेल तिथे दाब नको. रेडिएशनचा शेक दिलेल्या कातडीला तेल नको. काखेतल्या गाठी काढलेला हात सुजू शकतो, त्याला शिकलेलाच हात हवा. दाब किती, तर तान्ह्याला पावडर लावावी इतका. आणि पेशंट उठण्याआधी तळवे पुसायचे, नाहीतर तुपावरून घसरून खुब्याचं हाड मोडायचं.

हे आम्हाला सांगितलं कुणी? डॉक्टरांनी, तेही विचारल्यावर, फोनवर. रुग्णालयातून मिळालेल्या सहा पानी कागदात गोळ्यांच्या वेळा होत्या, उकळलेलं पाणी होतं, डाळिंब सोलून खा की नको हेही होतं. माणसाला स्पर्श कसा करायचा यावर एक ओळ नव्हती. वांद्र्याचं शांती आवेदना सदन, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना आराम देणारं ठिकाण, १९८६ चं. इतक्या वर्षांनीही ‘आराम देणं’ हा विषय तिथवर पोहोचलेल्यांपुरताच राहावा, हे मला पटत नाही. आपले बहुतेक पेशंट घरीच असतात, सुनेच्या, मुलाच्या, नवऱ्याच्या हाताशी. किमोच्या वॉर्डात सलाइन संपायची वाट बघत नातेवाईक तासन्‌तास बसून असतात. त्यातली दहा मिनिटं नर्सनं त्यांना पाय चेपायला शिकवावं. याला ना यंत्र लागतं ना निधी.

तोवर हे तुम्हीच करा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा फाइल पुढे सरकवताना डॉक्टरांना विचारा : यांना कुठे हात लावलेला चालेल, कुठे नाही? उत्तर मिळेल ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.