‘मोकळी जमीन’ म्हणजे नेमकी कोणती?

शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत आरंभीच व्याख्यांचे प्रकरण असते, आणि सामान्य नागरिकच काय, पण नियमावलीवर हिरिरीने हरकती नोंदविणारे कार्यकर्तेही ते चाळून पुढे आरक्षणांच्या नकाशांकडे व चटईक्षेत्र निर्देशांकाच्या तक्त्यांकडे वळतात. तक्त्यात आकडे असतात व आकड्यांवर वाद घालता येतो, म्हणून हे साहजिक आहे. परंतु तो आकडा कशास लावावयाचा, हे ज्या शब्दांनी ठरते त्यांची हद्द व्याख्येत आखलेली असते, आणि ती हद्द चार बोटे सरकली की आकडा जागच्या जागी राहूनही जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मुंबईने हा अनुभव गिरणगावात घेतलेला आहे.

१९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडत गेलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम घालण्यात आला. मोकळी जमीन व शिल्लक चटईक्षेत्र यांपैकी ३३ टक्के महापालिकेकडे उद्याने व क्रीडांगणे यांसाठी, सुमारे तेवढाच हिस्सा म्हाडाकडे सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकाकडे, अशी ती वाटणी होती. २००१ साली शासनाने हा नियम बदलला तेव्हा हिस्स्यांची टक्केवारी तशीच राहिली. बदलला तो ‘मोकळ्या जमिनी’चा व्याप. गिरणीचे इमले पाडल्यानंतर जी जमीन रिकामी होईल ती वाटणीत धरावयाची नाही, मुळात जी बांधकामावाचून पडली होती तेवढीच धरावयाची, असा त्याचा अर्थ झाला.

साचाखाते, गोदामे, करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या एकाला एक लागून असलेल्या शेडी आणि मधून जेमतेम एक मालमोटार जाईल एवढी वाट, अशी ज्या गिरण्यांची रचना, तेथे मुळात बांधकामावाचून पडलेली जमीन कितीशी असणार? समजा, एका गिरणीचे आवार तीस हजार चौरस मीटरांचे आहे आणि त्यातील चोवीस हजार चौरस मीटर जमीन इमल्यांखाली आहे. सगळे आवार वाटणीत धरले तर मैदानासाठी ९,९०० चौरस मीटर जमीन मिळते. उरलेली सहा हजारच धरली तर १,९८० मिळते. ज्या वस्तीत मुले रस्त्यावर खेळतात तेथे एक प्रशस्त मैदान आणि एक कोपऱ्यातली बाग यांतले हे अंतर आहे, आणि ते दोन शब्दांच्या अर्थाने पडलेले आहे.

ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमले पाडून रिकामी झालेली जमीनही मोकळीच होय असा अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून शासनाचा अर्थ ग्राह्य धरला. निवाडा शिरोधार्य मानूनही एवढे म्हणणे प्राप्त आहे की, जी गोष्ट मसुद्यातील एका वाक्याने निःसंदिग्ध करता आली असती ती न्यायासनापुढे जावी लागली, आणि तोवर ज्या गिरणी कामगारांच्या व रहिवाशांच्या जीवनाशी तिचा संबंध होता त्यांना आपण नेमके काय गमावीत आहोत याचा पत्ताही लागला नाही.

याहून लहान, पण घरोघरी पोहोचणारे उदाहरण वाहनतळाचे आहे. १९६३ च्या सदनिका कायद्याने सदनिकेच्या व्याख्येत ‘गॅरेज’ अंतर्भूत केले, मात्र गॅरेज म्हणजे काय ते सांगितले नाही. या उणिवेचा आधार घेऊन इमारतीच्या खांबांमधली उघडी जागा वेगळी किंमत घेऊन विकण्याची वहिवाट पडली. दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये ही विक्री बेकायदेशीर ठरविली. सदनिका घेणारा सामान्य माणूस गॅरेज म्हटल्यावर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा समजतो, तोच अर्थ येथे घ्यावा, असे न्यायालयाने मानले. मला ही कसोटी अतिशय मोलाची वाटते. नियमाचा अर्थ ज्याच्या खिशावर आणि उंबरठ्यावर परिणाम करतो, त्याला तो वाचून कळला पाहिजे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या करताना बाहेरच्या भिंती, सज्जा व उघडी गच्ची वगळावयाची आणि आतल्या भिंती धरावयाच्या, असे स्वच्छ सांगितले. आज कोणीही गृहिणी फीत घेऊन आपले घर मोजू शकते. प्रत्येक भूखंड निराळा असल्याने अर्थ लावण्यास थोडी मोकळीक हवी, असे नगररचना खात्यातील अनुभवी अधिकारी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ही मोकळीक सवलतीच्या कलमात, कारणे नोंदवून द्यावी. शब्द ढिला ठेवून ती मिळविणे म्हणजे अधिकाऱ्याच्या प्रत्येक खुलाशाला नियमाचे बळ देणे होय.

१९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम ३७ प्रमाणे नियमावलीत फेरफार करताना नोटीस काढून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. परिपत्रकाने किंवा ‘स्पष्टीकरण’ म्हणून काढलेल्या पत्राने एखाद्या व्याख्येची मोजणी बदलत असेल, तर तो फेरफारच समजून त्याला हीच रीत लावली पाहिजे. नोटिशीसोबत जुन्या व नव्या अर्थाने केलेला हिशेब एका नमुन्याच्या भूखंडावर मांडून, आकृतीसह, मराठीत छापावा. ‘मोकळी जमीन’, ‘शिल्लक चटईक्षेत्र’, ‘विद्यमान बांधकाम’ हे शब्द पुनर्विकासाच्या प्रत्येक करारात येतात. महापालिकेने या कामाची सुरुवात त्यांच्यापासून करावी आणि हे नमुने प्रत्येक विभाग कार्यालयात हरकतींची मुदत संपेपर्यंत भिंतीवर लावून ठेवावेत.