नदीच्या नऊ पायऱ्या

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंत उभी राहते. कोयना असो वा जायकवाडी, भिंत आली की होडीची वाट संपली. वरची होडी वर, खालची खाली. परंतु अमेरिकेतील टेनेसी नदीच्या मुख्य पात्रात एकापाठोपाठ नऊ धरणे आहेत, आणि तरीही नॉक्सव्हिल शहरापासून पडुका गावापर्यंत सुमारे ६५० मैल माणूस आपली छोटी बोट एकदाही पाण्याबाहेर न काढता जाऊ शकतो. एवढ्या अंतरात ही नदी पाचशे फुटांहून अधिक खाली उतरते. बोट हा उतार कशी चढते-उतरते आणि त्या वाटेवर लहान माणसाला जागा कशी मिळते, हे आज पाहू.

प्रत्येक धरणाला लागून काँक्रीटचा एक लांबलचक हौद बांधलेला आहे. त्याला लॉक म्हणतात. मोठा लॉक ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब असतो. दोन्ही टोकांना पोलादी दारे. वर जायचे असेल तर बोट खालच्या दाराने आत येते, दार मिटते आणि वरच्या जलाशयाच्या झडपा उघडल्या जातात. भुयारी मार्गांनी पाणी हौदात शिरते. पंप नाही, यारी नाही. पाणी आपल्या स्वभावानुसार उंचावरून खाली येते, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबते, आणि मग वरचे दार उघडते. दाराची दोन कवाडे मिटताना त्यांचे टोक वरच्या पाण्याकडे असते, म्हणून पाण्याचा दाबच त्यांना घट्ट आवळून धरतो. अलाबामा राज्यातील विल्सन धरणाचा लॉक बोटीला एका दमात ९० फुटांहून अधिक वर नेतो. नऊ मजली इमारतीची उंची समजा.

ही युक्ती आजची नाही. इ. स. ९८४ मध्ये चीनमधील छ्याओ वेईयुए या अधिकाऱ्याने असा दुहेरी दारांचा हौद बांधला. तेव्हा धान्याच्या होड्या उतारावरून ओढून न्याव्या लागत. त्यात होड्या फुटत आणि धान्यही चोरीला जाई.

आता प्रवाशांकडे वळू. अमेरिकेच्या पूर्व भागाला नद्या, कालवे, मोठी सरोवरे आणि समुद्रकिनारा यांचा मिळून सुमारे ६,००० मैलांचा एक वेढा आहे. त्याला ‘ग्रेट लूप’ म्हणतात. बरेच जण तो वर्षभरात पुरा करतात. त्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ असतात. पहिल्यांदा निघालेल्यांच्या बोटीवर पांढरे निशाण, वेढा पुरा केलेल्यांच्या बोटीवर सोनेरी. शरद ऋतूत ही मंडळी मिसिसिपीवरून ओहायो नदीत येतात. तेथून बरेच जण टेनेसीत शिरून चढणीला लागतात आणि पिकविक धरणाजवळ ‘टेनेसी-टॉम्बिगबी’ जलमार्गाकडे वळतात. १९८५ साली खुला झालेला हा २३४ मैलांचा मार्ग दहा लॉक उतरवून त्यांना समुद्राच्या दिशेने नेतो. काही जण मात्र न वळता टेनेसीवरूनच चॅटनूगा शहरापर्यंत जाऊन येतात.

एका लॉकमध्ये अनोळखी माणसे शेजारी होतात. मोठी बोट भिंतीला लागते, लहान बोट तिच्या कुशीला. दोर फेकणे, झेलणे, दोन बोटी घासू नयेत म्हणून मध्ये रबरी फुगे सोडणे, ही कामे न सांगता होतात. भिंतीतल्या खाचेत एक लोखंडी खुंट पाण्याबरोबर वर-खाली तरंगतो. त्याला दोराचा वेढा द्यायचा, पण टोक हातातच धरायचे. गाठ मारायची नाही, हा येथला पहिला धडा. खुंट मध्येच अडकला आणि पाणी उतरत राहिले, तर गाठ मारलेली बोट भिंतीला टांगली जाईल. म्हणून जाणकार माणूस हाताशी सुरी ठेवतो. अंगात जीवरक्षक जाकीट असतेच.

परंतु लॉकपाशी पोचताच दार उघडते, असे समजू नका. रेडिओवरून लॉकच्या कर्मचाऱ्याला हाक द्यायची आणि थांबायचे. या नद्यांवरून धान्य, कोळसा, खडी वाहणाऱ्या बार्जेसचे ताफे चालतात. पंधरा बार्जेस एकत्र बांधलेला ताफा ६०० फुटांच्या लॉकमध्ये मावत नाही. तो सोडून दोन खेपांत न्यावा लागतो आणि त्यात तास जातात. सरकारी नियमांत क्रम ठरलेला आहे : आधी लष्करी बोटी, मग टपालाच्या, मग प्रवासी, मग मालाचे ताफे, मग मासेमारी करणारे. हौशी लोकांच्या छोट्या बोटी सर्वांत शेवटी.

आणि येथेच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्याच नियमात पुढे असेही आहे, की तीन खेपांच्या वेळात छोट्या बोटींची सोय लागली नाही, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र खेप करावी. म्हणजे रांगेत शेवटचा असला तरी त्याला बेमुदत ताटकळत ठेवता येत नाही. कर्मचारी भला निघो वा तिरसट, नियम त्याच्याही वर आहे. शिवाय छोट्या बोटीकडून लॉकचा टोल घेत नाहीत. लाखोंची बोट असो वा जुनी डगमगती होडी, पाणी दोघांना एकाच उंचीवर नेते.

ही नदी अशी पायऱ्यांची झाली ती मुख्यतः ‘टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी’मुळे. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी १८ मे १९३३ रोजी तिच्या कायद्यावर सही केली. पूर आवरणे, वीज आणि जलवाहतूक ही कामे एकाच संस्थेने एकत्र करायची, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी हजारो कुटुंबांना घरे आणि शेते सोडावी लागली. आणि लाभ वाटताना रंग पाहिला गेला. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेल्या नॉरिस या आदर्श गावात काळ्या लोकांना राहण्यास मज्जाव होता. चार्ल्स ह्यूस्टन आणि जॉन डेव्हिस यांनी १९३४ साली ‘क्रायसिस’ मासिकात या भेदाचा पंचनामा केला. चॅटनूगाच्या वर, चिकमॉगा धरणाच्या जलाशयाकाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नावाचे उद्यान आहे. आज तेथे कोणीही जाऊ शकतो, पण ते बांधले गेले ‘फक्त काळ्यांसाठी’, कारण इतर उद्याने त्यांना बंद होती. जलाशय एकच, काठ मात्र वेगवेगळे. पाण्याकाठचा असा मज्जाव काय असतो, हे महाडच्या वारसांना वेगळे सांगायला नको.

टेनेसीशी आपला आणखी एक धागा आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. त्याच्या नावातच नौकानयन होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना बाबासाहेबांनी अमेरिकेप्रमाणे नद्या जागोजागी अडवून पाणी साठवण्याचा मार्ग सांगितला. त्या पाण्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक, तिन्ही साधावे, असा त्यांचा विचार होता. दामोदर खोऱ्याची योजना टेनेसीच्याच धर्तीवर आखली गेली आणि तिच्या आखणीसाठी टेनेसीचा अभियंता, वुर्डुइन, भारतात आला होता.

आपल्या मुलामुलींना ही हकिकत जरूर सांगा. ज्यांना गणित आवडते त्यांना हौदाचे घनफळ काढायला लावा. ६०० फूट लांब, ११० फूट रुंद, ९० फूट चढ : एका खेपेला किती पाणी लागले? आणि उत्तर निघाले की दुसरा प्रश्न विचारा : हे पाणी कोणाच्या मालकीचे? तिसराही विचारा : शेवटच्या बोटीला किती वेळ थांबवायचे, हे कोणी आणि कोठे लिहून ठेवले आहे? सोबतच्यांचा चांगुलपणा हवाच, त्यावाचून दोर कोण झेलणार? पण नॉरिसच्या वेशीवर अडवलेल्या कामगाराला चांगुलपणा पुरला नव्हता. त्याला हवा होता तो लेखी हक्क, आणि तो बजावून घेण्याची धमक.