जादू कुणाच्या बापाची?

सरळ सांगतो. आपल्या पोरापोरींनी भुताखेतांच्या, जादूच्या, अद्भुताच्या कादंबऱ्या वाचाव्यात. भरपूर वाचाव्यात. फक्त वाचताना एक सवाल खिशात ठेवावा : ही जादू कुणाच्या बापाची?

ह्या पुस्तकांना दोन्ही बाजूंनी मार बसतो. एका बाजूला आपलेच जुने कार्यकर्ते. परवा एका अभ्यासवर्गात एका साथीनं बारावीतल्या पोरीच्या हातातलं पुस्तक उचललं, कव्हर बघितलं आणि म्हणाला, ‘बाबासाहेबांनी एवढं लिहून ठेवलं अन् तू हडळी वाचतेस?’ पोरगी गप्प बसली. मी गप्प बसायला तयार नाही.

साथी, अंधश्रद्धा कशाला म्हणतात? खोट्याला खरं म्हणून विकणं, त्यावर पैसा उकळणं, एखाद्या बाईला चेटकीण ठरवून ठेचणं, ह्याला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा बुवाबाजीवर आहे, कादंबरीवर नाही. बुवा म्हणतो, हे खरं आहे, पैसे टाक. कादंबरीवाला म्हणतो, हे सगळं रचलेलं आहे, चल येतोस का? ह्या दोघांतला फरक बारावीतल्या पोरीला कळतो. तुला का कळू नये?

दुसऱ्या बाजूला पांढरपेशे समीक्षक. त्यांना आपल्याकडून फक्त जखम पाहिजे. भूक लिहा, पाणवठा लिहा, आईचं फाटकं लुगडं लिहा. आम्ही परिसंवाद भरवतो, चहा पितो, अस्वस्थ होतो. पण तुमच्यातल्या कुणी ड्रॅगन लिहिला तर हे लगेच म्हणणार, ‘हा तुमचा प्रांत नव्हे.’ म्हणजे वेदना आमची आणि कल्पना त्यांची! सालं, ही वाटणी केली कुणी? गावकुसाबाहेर ठेवलंत, आता स्वप्नाबाहेरही ठेवणार?

तर वाचायचंच. पण बाजार जे समोर फेकेल ते गिळायचं नाही.

हॅरी पॉटर घ्या. १९९७ ते २००७, सात भाग, अख्ख्या जगानं वाचले. रोलिंगबाईंचा खलनायक शुद्ध रक्ताचा भोक्ता. आईबाप बिनजादूचे असले की त्या पोरांना त्याची माणसं चिखलाच्या रक्ताची म्हणून हिणवतात. हे वाचताना आपल्या पोरांच्या पोटात काहीतरी हलतं. हलणारच. शिवी ओळखीची आहे. बाई शुद्ध रक्ताच्या विरोधात उभ्या आहेत, हे मान्य.

पण जरा आत शिरा. त्या जगात जादू मुळात जन्मानं येते. शिकून वाढते खरी, पण जन्मतः नसेल तर शाळेचं दार बंद. नायकाकडे बापाची सोन्यानं भरलेली तिजोरी आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अदृश्य होण्याचा झगा. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात शंभरावर घरगडी, हाउस-एल्फ. पगार नाही, सुट्टी नाही, अंगाला धड कपडा नाही. चौथ्या भागात, २००० साली, हर्मायनी नावाची पोरगी ह्या गड्यांच्या हक्कासाठी संघटना काढते, तर मित्र तिला हसतात आणि पुस्तकही तिला हसतं. खुद्द गड्यांनाच मुक्ती नको असते. सुटका झालेली विंकी पिऊन पडून राहते. सिनेमात तर ही संघटनाच कापून टाकली. आणि शेवट? मोठी लढाई जिंकली, दुष्ट मेला, हॅरी दमला. आणि आता त्याच्या मनात काय येतं? वारशात मिळालेला आपला गडी सँडविच आणून देईल काय! क्रांती झाली, पण खायला कुणी आणायचं ते तसंच राहिलं. आपल्या मोर्चानंतर घरोघरी हेच होतं की नाही, ते घरातल्या बाईला विचारा.

म्हणून हॅरी पॉटर वाचा, पण हर्मायनीच्या बाजूनं वाचा.

दुसरी ‘ट्वायलाइट’. स्टेफनी मायर, २००५. ह्यात रक्तपिपासू कोण? गोरे, श्रीमंत, महागड्या मोटारी उडवणारे, पियानो वाजवणारे, आपली भूक आवरणारे. थोडक्यात, सुसंस्कृत! आणि लांडगे कोण होतात? क्विलूट जमातीची पोरं. तापट, उघडीबंब. त्यातला एक तर रागाच्या भरात होणाऱ्या बायकोचा चेहरा फाडतो. आता ही क्विलूट जमात खरी आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिकच्या काठी ला पुश इथं राहते. आपण लांडग्यांपासून घडलो ही त्यांची स्वतःची उत्पत्तिकथा. ती परस्पर उचलली आणि प्रेमकथेच्या फोडणीला टाकली. पुस्तकं खपली, सिनेमे चालले, टी-शर्ट विकले गेले. आणि त्याच काळात ह्या खऱ्या जमातीच्या खऱ्या पोरांची शाळा समुद्राला लागून, त्सुनामीच्या तोंडाशी होती. उंचावर जायला जमीन नाही, कारण वरची जमीन सरकारच्या नॅशनल पार्कात. झगडून झगडून २०१२ साली कायदा झाला, ७८५ एकर जमीन जमातीला मिळाली. नवी शाळा उंचावर सुरू झाली २०२२ साली. लाखो पोरींनी लांडगा झालेला जेकब प्रेमात हरताना पाहिला. जमिनीसाठी लढून जिंकलेला क्विलूट किती जणींनी पाहिला?

मग वाचायचं काय? सांगतो.

पहिली अर्सुला ले ग्विन. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८. नायक गेड. खेड्यातल्या लोहाराचं, शेरडं राखणारं, तांबूस-काळ्या कातडीचं पोर. त्याचा जिवलग दोस्त काळा. लूटमार करायला जहाजातून येणारे लोक गोरे. १९६८ साली एका गोऱ्या बाईनं हा उलटा पट मांडला! तिथं गेडच्या अंगात ताकद आहे, पण शिकल्याशिवाय ती कुचकामी, उलट जीवघेणी. जादू म्हणजे प्रत्येक गोष्टीचं खरं नाव माहीत असणं. नावात काय ताकद असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा आणि नाव लागलं १९९४ ला. मधल्या १६ वर्षांत घरं जळाली, माणसं मेली. एका नावासाठी.

२००४ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही चॅनेलनं अर्थसीवर मालिका काढली आणि गेडला गोरा करून टाकला. म्हातारी गप्प बसली नाही, जाहीर लेख लिहून तिनं त्यांची सालटी काढली. आणि ती स्वतःलाही सोडत नाही. तिच्या पहिल्या पुस्तकातली जादूची शाळा फक्त पुरुषांची होती, बायकांची जादू हलकी समजलेली. २२ वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानू’ लिहून तिनं आपल्याच जगाला जाब विचारला. अत्याचार करून आगीत टाकलेली एक लहान पोर तिनं त्या कथेच्या मधोमध आणून बसवली. लेखक असा पाहिजे.

दुसरी ऑक्टेव्हिया बटलर. १९४७ साली जन्मली, २००६ साली गेली. काळी बाई. आई गोऱ्यांच्या घरी झाडलोट करायची, मागच्या दारानं आत जायची, आणि ही लहान पोर ते बघायची. पुढं कॉलेजात काळ्यांच्या चळवळीतला एक तरुण तिला भेटला. त्याचं म्हणणं, ह्या वाकून जगलेल्या म्हाताऱ्यांनी आपल्याला मागं ठेवलं, त्यांना मारूनच टाकावं, पण मग सुरुवात आपल्या आईबापापासून करावी लागेल. बटलर ते विसरली नाही. १९७९ साली तिनं ‘किंड्रेड’ लिहिली. १९७६ सालची शिकलेली काळी बाई, डेना. लॉस एंजेलिसच्या घरातून अचानक ओढली जाते ती थेट दीडशे वर्षं मागं, मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर. यंत्र नाही, मंत्र नाही, स्पष्टीकरणही नाही. तिथं तिला गोऱ्या मालकाच्या पोराचा जीव पुन्हापुन्हा वाचवायचा आहे, कारण तो जगला तरच तिचा वंश पुढं चालणार. तिथं एक दिवस काढणं म्हणजे काय, हे तिला चाबकानं कळतं. शेवटी ती परत येते, पण एक हात गमावून.

ही कादंबरी खास पोरांसाठी लिहिलेली नाही, पण तिकडं शाळाकॉलेजांत लावतात. आपल्याकडं तर पहिल्या अभ्यासवर्गात लावावी. आपल्यातल्या किती जणांना बापाची लाज वाटते! बाप साहेबापुढं वाकायचा, जोहार घालायचा, शिळं आणायचा. आपण शर्टाची कॉलर ताठ करून म्हणतो, मी असतो तर वाकलो नसतो. बटलर म्हणते, जा, एक दिवस राहून ये. त्या वाकलेल्या पाठीवर पाय देऊन तू वर चढलास. हे कुठल्याही भाषणापेक्षा खोल जातं. आणि हे सांगायला अद्भुतच लागलं. साध्या वास्तवात तू तुझ्या खापरपणज्याच्या झोपडीत पोचणार कसा?

तिसरी नेडी ओकोराफोर. ‘अकाटा विच’, २०११. ही खास तुमच्या वयाची. सनी, अमेरिकेत जन्मलेली आणि नायजेरियातल्या आबा गावात राहणारी पोरगी. कोड नव्हे, जन्मतःच अंगात रंग नसलेली, त्यामुळं सगळे चिडवतात. ह्या पुस्तकातला हिशेब मला फार आवडतो : तिथल्या जादूगारांना पैसा मिळतो तो फक्त काही नवं शिकल्यावर. शिकलास की आभाळातून नाणी पडतात! आणि ज्याच्यात जग खोट काढतं, तिथंच त्याची ताकद असते. ज्या पोराला अक्षरं लागत नाहीत तोच दुसऱ्याची करणी उलगडून टाकतो.

चौथी आणि पाचवी जोडीनं वाचा, दोघी तिथल्या मूळनिवासी. कॅनडाची मेटी लेखिका शेरी डिमालीन, ‘द मॅरो थीव्ह्ज’, २०१७. जगाची स्वप्नं आटली आहेत, फक्त मूळनिवासींना अजून स्वप्नं पडतात. म्हणून त्यांना पकडून ‘शाळेत’ नेतात आणि हाडातला मगज काढून घेतात. शाळा हा शब्द तिनं उगाच वापरलेला नाही. कॅनडानं शंभरावर वर्षं मूळनिवासी पोरं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडली, त्यांची भाषा मारली. दुसरी लिपान अपाची जमातीची डार्सी लिटल बॅजर, ‘एलॅट्सो’, २०२०. एली नावाची पोरगी मेलेल्या जनावरांची भुतं बोलावते, तिच्यासोबत तिच्या कुत्र्याचं भूत फिरतं. तिच्या भावाला मारणारा कोण? गावातला प्रतिष्ठित डॉक्टर. तो आपल्या माणसांची दुखणी बरी करतो, म्हणजे ती उचलून दुसऱ्याच्या अंगावर घालतो. वाच आणि सांग, ही पद्धत कुठं बघितल्यासारखी वाटते का?

आता साथी पुन्हा विचारील, हे सगळं परदेशी, चळवळीचा काय संबंध? १९७२ साली पँथर हे नाव आपण कुठून घेतलं? त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या काळ्यांनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्याच ड्यू बॉइसनं १९२० साली ‘द कॉमेट’ नावाची गोष्ट लिहिली. धूमकेतूच्या विषारी वायूनं न्यूयॉर्क मरून पडतं. उरतात एक काळा निरोप्या आणि एक श्रीमंत गोरी बाई. काही तास दोघं नुसती माणसं असतात. मग बाकीचे गोरे येतात आणि जग पूर्ववत होतं. एवढा मोठा समाजशास्त्रज्ञ, त्याला कल्पित वर्ज्य नव्हतं. आणि जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त काय केलं? मत्स्य, वराह, वामन ह्या अद्भुतांचीच साल काढली आणि पाताळात घातलेल्या बळीला राजा म्हणून वर आणलं. अद्भुत शत्रूच्या हातात सोडायचं नसतं, हा धडा आपल्या घरातलाच आहे.

आणि इथल्या भुतांचं बोला. भुतालाही जात आहे गड्यांनो! मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बामणाचा पोरगा, पिंपळावर बसणारा. ब्रह्मसमंध तर नावातच आला. २०२४ साली ‘मुंज्या’ सिनेमा आला, लोकांनी डोक्यावर घेतला. बघा, जरूर बघा. पण त्यांच्या अकाली मेलेल्या पोराला पिंपळ मिळाला, सिनेमा मिळाला. आपल्या मेलेल्यांना काय मिळालं? गटारात माणूस उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चाच आहे. तरी माणसं उतरवली जातात, आणि गुदमरून मरतात. असा एक जण रात्री झाकण सारून वर आला आणि सोसायटीच्या एकेका मजल्यावर बेल वाजवून विचारू लागला, माझं नाव सांगा. फक्त नाव. कुणालाच ठाऊक नाही. पुढं?

पुढं तू लिही. पुस्तकं महाग आहेत, म्हणून एक प्रत दहा जणांत फिरवा, वाचनालयाच्या मागणीवहीत नावं लिहा, जमेल तेवढी मराठीत आणा. पण वाचत बसून राहू नका. पुढच्या अंकात आठ पानं ह्या गोष्टींसाठी राखून ठेवली आहेत. वही काढ.