चढण, उतरण आणि हातचा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मोठ्याने वाचायला जाऊ नका, नुसती पाहा. एकपासून नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन. कल्पना त्यांना तिथे सुचली.

हा चढउतार येतो कुठून? नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. एकाखाली एक नऊ ओळी येतील, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून बेरीज करत चला: पहिल्या घरात १, मग २, ३, मध्यावर ९, पुढे उतरण. कुठेही हातचा नाही! १ दहा वेळा घेतला, की मधल्या घराची बेरीज १० होते, हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब.

हौगांगमधली आपली मुलं गणित इंग्रजीत शिकतात, आणि इथल्या शाळांत मराठी हा विषय नाही. म्हणजे ‘हातचा’ हा शब्द त्यांना घरीच मिळणार, नाहीतर मिळणारच नाही. वर्षअखेरच्या सुट्टीत चौकटीच्या वहीत हा गुणाकार मराठीतून करून घ्या. आजी-आजोबांनो, फोनवरून तुम्हीही विचारा, “८ कुठे गेला?” उत्तर पाठ करून येणार नाही, हातचा कळला तरच सांगता येईल.