कमान दिसते, बाई दिसत नाहीत

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तोवर मुलांचं अर्धं शैक्षणिक वर्ष निसटलेलं असतं. हंगामी वसतिगृहांची योजना मुलांना गावात ठेवते; पण पाचटात बालपण काढलेली किंवा बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलत वाढलेली मुलगी शिक्षिका म्हणून वर्गात आली, तर त्या मुलांचा अभ्यासही टिकेल. अशा मुलींच्या अध्यापक प्रशिक्षणासाठी देणगी मागायला गेलं, की दाते शाळेच्या कमानीबद्दल विचारतात. दोष त्यांच्या दानतीचा नाही, आपल्या मागण्याचा आहे. ‘गरीब मुलीला मदत करा’ म्हटलं की एका मुलीवर दया होते. खरं तर तो पैसा पुढची तीस वर्षं तिच्यापुढे बसणाऱ्या मुलांवर खर्च होत असतो, आणि नेमकं तेच आपण सांगत नाही.

सांगण्यासारखा पुरावा भक्कम आहे. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांचा कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षिकेच्या वर्गात मुलींची प्रगती वाढली आणि मुलांचं नुकसान झालं नाही, असं त्यात दिसलं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात तिसरीपर्यंत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तरी कृष्णवर्णीय मुलांची शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता सुमारे 13 टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षकाचं हे मोल असे आकडे येण्याआधीच ओळखलं होतं. 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढून ते थांबले नाहीत. 1935 मध्ये ग्रामीण शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालयही त्यांनी उभं केलं.

‘आरक्षण आहेच, मग देणगी कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण आरक्षणाचा लाभ मिळतो तो प्रवेशाच्या आणि भरतीच्या दारात. बारावीपासून भरतीच्या दारापर्यंत डीएलएड या अध्यापक पदविकेची फी, खोलीभाडं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी आणि घरी बुडणारी मजुरी आहे. मुलगी गळते ती इथेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तांड्याच्या शिक्षिकेनं तांड्यालाच शिकवायचं, तर शाळेतही जातीच्या वाड्या पडतील. म्हणूनच तिची नेमणूक कुठेही होवो, गावातल्या सगळ्याच मुलांना ती लाभली पाहिजे. शिवाय केवळ समान पार्श्वभूमीमुळे कुणी चांगला शिक्षक होत नाही. प्रशिक्षणात तडजोड केली तर सगळंच फसेल.

तेव्हा मदत मागणाऱ्या संस्थांनी दात्यापुढे रडगाणं ठेवू नये, हिशेब ठेवावा: एका विद्यार्थिनीचा दोन वर्षांचा पूर्ण खर्च, किती जणींनी टीईटी पार केली, किती जणी वर्गात पोचल्या, त्यांच्या वर्गातली मुलं काय वाचू लागली. किती जणी मधेच गळल्या, हेही त्यात लिहावं. जो दाता कमानीच्या सिमेंटचा भाव विचारतो, त्याला हे आकडे नक्की कळतात. फक्त ते त्याच्यापुढे कुणी मांडायला हवेत.