गाडी एकट्याची, पण सीट दोघांची



22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. तेव्हापासून ओळखीच्या दर दुसऱ्या घरात नव्या गाडीचा विषय निघतो आहे. मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघतो, वडील मायलेज विचारतात, शोरूमवाला हप्ता सांगतो. आईला विचारतात ते फक्त रंगाचं. मग गाडी दारात आली की ती कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन बाहेर येते.

मला ही पद्धत पटत नाही. गाडी चालवणारा एक असला, तरी तिच्यावर डबलसीट बसणारी बहुतेक वेळा आपल्यापैकीच कुणीतरी असते. आई, बायको, बहीण, सासू. म्हणून पैसे भरायच्या आधी मागे बसणारीचं मत घेतलं पाहिजे.

यावर मुलांचं उत्तर तयार असतं. महिन्याचे पंचवीस दिवस मी एकटाच नागपूरला जाणार, तुम्ही चार-पाच वेळा बसणार, मग गाडी तुमच्या मनाची कशाला? हिशेब चुकीचा नाही. कामठीहून नागपूर पंधरा-सोळा किलोमीटर. रोज जाऊन-येऊन तीस धरले तर मायलेजचा, गाडीच्या वजनाचा आणि गर्दीत वळवण्याचा विचार त्यानेच करायला हवा. पण एकट्याने चालवताना गाडी थोडी कमी-जास्त असली तर फार तर खिशाला किंवा पाठीला कळतं. डबलसीट असताना ती कमी पडली तर दोन माणसं पडतात. फेऱ्या मोजायच्या तशी जोखीमही मोजायला हवी.

जरा आकडे मांडून बघू. स्प्लेंडरचं वजन साधारण 112 किलो. चालवणारा 70 किलोचा धरला तर झाले 182. मागे 65 किलोची बाई बसली की 247. म्हणजे एका माणसाने एकूण भार जवळजवळ 36 टक्क्यांनी वाढला, आणि त्यातला बराचसा मागच्या चाकावर आला. गाडी उचल घ्यायला वेळ लावते, थांबायला जास्त अंतर घेते आणि वळणावर जड होते. क्लासिक 350 साधारण 195 किलोची. तिच्यावर तीच दोन माणसं बसली तर भार 25 टक्क्यांच्या आतच वाढतो. म्हणून मोठी गाडी डबलसीट असताना स्थिर वाटते, हे मुलांचं म्हणणं खरं आहे. पण तेच 195 किलो गल्लीत मागे ढकलायचे, स्टँडवर लावायचे, आणि वेळ आली तर सुनेने किंवा लेकीने काढायचे, हाही हिशेबातलाच भाग. घरात गाडी एकच असेल तर ती घरातल्या सगळ्यात कमी उंचीच्या चालवणाऱ्याला पेलली पाहिजे. सिग्नलला थांबल्यावर तिचे पाय नीट टेकले पाहिजेत. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून साधारण 785 मिलिमीटर, क्लासिकची 805. दोन सेंटिमीटरचाच फरक, पण मागे कुणी बसलेलं असताना तो टाचेला कळतो.

आता सीटचं. काही गाड्यांची सीट सलग आणि लांब असते, काहींची दोन तुकड्यांत. यामाहा आर15 सारख्या गाडीत मागचा तुकडा उंच आणि चिंचोळा असतो आणि बसणारी चालवणाऱ्याच्या पाठीवर घसरत येते. ती गाडी वाईट नाही, पण ती एकट्यासाठी आखलेली आहे. मागचा तुकडा असला म्हणजे गाडी डबलसीटची झाली असं नाही. क्लासिकच्या काही प्रकारांत तर मागची सीट काढून ठेवता येते. म्हणजे बनवणारा स्वतःच सांगतो की मागचं माणूस ऐच्छिक आहे! शंभर ते सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्यांना, स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, यांना सलग सीट असते. माझ्या मते आपल्यासारख्या घरांना, जिथे मुलगा रोज एकटा जातो आणि आठवड्यातून दोनदा आई मागे बसते, याच गाड्या पुरतात. ज्याला मुलांसह वर्षातून दोन-तीन लांबच्या यात्रा करायच्या आहेत, त्याने त्या चार दिवसांसाठी बस किंवा गाडी भाड्याने करावी. चार दिवसांची हौस बारा महिने हप्त्यात भरायची नाही. अपरिग्रह आपण प्रवचनात ऐकतो, तो शोरूममध्येही लागू आहे.

साडी नेसणाऱ्यांनी एक नियम पाठ करावा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 123 प्रमाणे मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्का दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं कपडे अडकू न देणारं संरक्षण असलंच पाहिजे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. ते दुकानदाराने दिलेलं बक्षीस नव्हे, कायद्याने आलेलं आहे. तरी गाडी घरी आली की मुलं ते 'लूक बिघडतो' म्हणून काढून ठेवतात. आपल्याकडे बायका डावीकडे पाय सोडून बसतात, आणि पदर किंवा ओढणी त्याच बाजूने चाकात जाते. ज्या घरात साडी नेसणारी एक जरी बाई आहे, त्या घरात साडीगार्ड काढू देऊ नये. शक्य असेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसावं. मग उजवा पाय सायलेन्सरला लागतो का, हे मात्र आधीच बसून बघावं.

ब्रेकबद्दल एवढंच. 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा आहे. त्याने जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. 125 आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस लागतो, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. जुनी गाडी घेणार असाल तर कोणत्या सालची आहे ते याचसाठी बघा. गाडीच्या पुस्तकात हवेचे दोन आकडे असतात, एकट्याचा आणि डबलसीटचा. मागच्या शॉकअपलाही बहुधा कमी-जास्त करायचे टप्पे असतात. रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला कन्हानचा पूल ओलांडून मनसरमार्गे जायचं तर तीस-पस्तीस किलोमीटर होतात. निघायच्या आधी मागच्या चाकात हवा भरून घेणं पाच मिनिटांचं काम आहे. गाडी बदलायच्या आधी हे करून बघा. मागे बसल्यावर कंबर दुखते ती कित्येकदा एवढ्यानेच थांबते.

आता विम्याकडे वळते, कारण इथे घरोघरी डोळेझाक होते. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष सरलं की 'विमा तर आहे अजून' म्हणून तो सोडून दिला जातो. उरतो तो फक्त कायद्यापुरता विमा. आणि 2006 मध्ये तिलक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, अशा कायद्यापुरत्या पॉलिसीत त्याच गाडीवर मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. सरळ अर्थ असा की गाडी आपल्याच माणसाच्या हातून घसरली, तर रस्त्यावरच्या परक्याला भरपाई मिळेल, पण मागे बसलेल्या आईला कंपनी काही देणं लागत नाही. पॅकेज पॉलिसी, जिला लोक फुल इन्शुरन्स म्हणतात, तिच्यात मागे बसणाऱ्याचा समावेश होतो, आणि विमा नियामकाने 2009 मध्ये कंपन्यांना हे स्पष्ट कळवलं आहे. चालवणाऱ्या मालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे. मागे बसणाऱ्यासाठी तो आपणहून मागून घ्यावा लागतो. आजच कपाटातली पॉलिसी काढा आणि तिच्यात 'पिलियन' हा शब्द शोधा. नाही सापडला तर एजंटला लेखी विचारा. गाडीचे नवे आरसे आणि स्टिकर यांच्या आधी हा खर्च यायला हवा.

हेल्मेटही दोन लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते आहे, मागे बसणाऱ्यालाही. 'अंबाडा दुखतो', 'केस विस्कटतात' ही कारणं मी आपल्या महिला मंडळात पुष्कळ ऐकते. अंबाडा खाली मानेवर बांधता येतो. आणि कलम 128 प्रमाणे चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतं. नवरा-बायकोच्या मधे नातू हा तिसराच धरला जातो. चार वर्षांखालच्या मुलाला डबलसीटच्या जागी नेताना सेफ्टी हार्नेस हवा आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको, असाही नियम झाला आहे.

आपली आणखी एक खास अडचण आहे. सूर्यास्ताच्या आत घरी पोचून जेवण व्हायला हवं म्हणून संध्याकाळी मागच्या सीटवरून 'लवकर चल रे' आपणच म्हणतो. चालताना पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून ईर्यासमिती पाळायची आणि गाडीवर बसल्यावर मुलाला पळवायचं, हे जुळत नाही. अर्धा तास आधी निघा. चातुर्मासात, ओल्या रस्त्यावर, तर नक्कीच.

तेव्हा पुढच्या वेळी शोरूमला तुम्हीही जा, आणि रोज नेसता तीच साडी नेसून जा. विक्रेता मुलाशीच बोलेल, बोलू द्या. तुम्ही गाडीवर मागे बसा. आधाराशिवाय चढता-उतरता येतं का, गुडघा कितपत वाकतो, दांडा हाताला लागतो का, पाय फूटरेस्टवर नीट टेकतो का, ते बघा. मग मुलाला म्हणा, मला घेऊन एक चक्कर मार, खड्ड्यातूनही ने. टेस्ट राइड एकट्याने मारून आलेल्या मुलाला गाडी अर्धीच कळलेली असते. परत आल्यावर तुम्हाला जे वाटलं ते त्या दोघांसमोर स्पष्ट सांगा, आणि त्यानंतरच बुकिंगचे पैसे काढू द्या.