लाल खुणा कुणाच्या पुसल्या गेल्या?

मंगळवारी, 16 जुलै 2024 ला, लखनऊच्या पंतनगर, इंद्रप्रस्थनगर, रहीमनगर, खुर्रमनगर भागांतल्या लोकांच्या जिवात जीव आला. कुकरैल नदीच्या पूरक्षेत्रात येतात म्हणून त्यांच्या भिंतींवर लाल खुणा केल्या होत्या. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ रहिवाशांना भेटले आणि घरे पाडणार नाही म्हणाले. ही घरे वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. संताप आहे तो त्याच काठावरच्या अकबरनगरबद्दल.

4 जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि 10 जूनला तिथे बुलडोझर पोचले. हजाराहून अधिक घरे-दुकाने गेली. मशीद गेली, मंदिरेही गेली. वीजबिले आणि घरपट्टीच्या पावत्या लोकांच्या हातात होत्या, मालकीचा कागद नव्हता. उच्च न्यायालयात ते हरले, 10 मे रोजी सर्वोच्च न्यायालयातही. म्हणजे 20 मेला लखनऊने मतदान केले तेव्हा अकबरनगरच्या मतदाराला आपले छप्पर जाणार हे ठाऊक होते. हातोडा पडला तो मात्र मते पेटीत गेल्यावर.

पंतनगरकडे खरेदीखते आहेत, हा फरक खरा आहे आणि कायद्यात तो मोठा आहे. पण पूर काही खरेदीखत पाहून येत नाही. मग नदीच्या रक्षणाची निकड महिन्याभरात कशी ओसरली? माझा ठाम कयास असा की पंतनगरचे मत सत्ताधाऱ्यांना गमवायचे नव्हते. लखनऊत राजनाथ सिंह यांचे मताधिक्य 2019 मधल्या सुमारे 3 लाख 47 हजारांवरून 2024 मध्ये 1 लाख 35 हजारांवर आले, राज्यात भाजप 62 जागांवरून 33 वर घसरला, आणि विधानसभेच्या दहा पोटनिवडणुका तोंडावर होत्या. अकबरनगरसारख्या गरीब, बहुसंख्य मुस्लिम वस्तीचे मत एका पक्षाने आधीच सोडून दिलेले असते आणि दुसऱ्याने गृहीत धरलेले. दोघांनाही त्यासाठी घाम गाळावा लागत नाही. 2022 च्या विधानसभा निवडणुकीत लखनऊच्या जुन्या शहराच्या पश्चिम आणि मध्य या दोन्ही जागा समाजवादी पक्षाने जिंकल्या, पूर्व, उत्तर आणि कॅन्टोन्मेंट भाजपने. शहर मोहल्ल्यागणिक असे वाटून घेतले की मोडता येण्याजोगी वस्ती कोणती, हे आधीच ठरते.

मुंबईबद्दल हे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. 2004 मध्ये 2000 पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे वचन देऊन काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी निवडून आली आणि त्याच हिवाळ्यात विलासराव देशमुखांच्या सरकारने ऐंशी-नव्वद हजार झोपड्या पाडल्या. तारीख पुढे सरकते ती मतदानाआधी, बुलडोझर निघतो तो मतदानानंतर. झोपडीतला माणूस रांगेत उभा राहतो, कारण त्याच्या भिंतीची मुदत मतावर टिकते. आपल्या उंच इमारतींना ती भीती नसते, आणि दक्षिण मुंबईत त्याच 20 मेला निम्म्याच्या आसपास मतदार घरीच बसले.

अकबरनगरच्या लोकांना हरदोई रोडवरच्या बसंतकुंजमध्ये, शहराच्या दुसऱ्या टोकाला, हप्त्यांवर सदनिका दिल्या आहेत. मतदारयादीत त्यांचा पत्ता मात्र पाडलेल्या घराचाच राहिला. तो बदलायला फॉर्म 8 भरायचा, त्याला नव्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. ज्या माणसाची मजुरी या स्थलांतरात बुडाली, त्याला त्यासाठी आणखी एक दिवस रांगेत उभे करू नका. यादीची पुढची दुरुस्ती होण्याआधी निवडणूक कार्यालयाने बसंतकुंजच्या आवारातच टेबल टाकावे आणि सदनिकेचे वाटपपत्र पुरावा म्हणून घ्यावे.